बर्फ वितळल्यावरचा मोसम

स्कीचा मोसम संपतो तिथे आपला सुरू होतो. गुलमर्ग, सोलंग, औली इथल्या उतारांवर हिवाळाभर घसरणारी माणसे मार्चअखेरीस पांगतात आणि महिनाभरात हैदराबादेतल्या दिलसुखनगरच्या घरांमध्ये माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. तेलंगणातल्या शाळा अलीकडे २४ एप्रिलच्या सुमारास बंद होतात आणि १२ जूनला उघडतात. मधले सात आठवडे हैदराबाद सर्वांत जास्त तापते. मे महिन्यातले कमाल तापमान सरासरी ३९ अंशांच्या घरात असते. २ जून १९६६ रोजी ते ४५.५ अंशांवर गेले होते. रोहिणी लागली की गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्री नऊ वाजताही अंगावर घेववत नाही. अशा दिवसांत मुलांची सुट्टी कुठे घालवायची, हा प्रश्न इथल्या प्रत्येक घरात दरवर्षी नव्याने उभा राहतो.

त्या प्रश्नाला गेल्या तीनचार दशकांत सापडलेल्या एका उत्तराचे हे पुस्तक आहे: आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले अशा सगळ्यांनी मिळून डोंगरातल्या एखाद्या स्कीच्या गावी उन्हाळ्यात जाऊन राहणे. लेख लिहिणारी मंडळी दिलसुखनगर, मलकपेट, सरूरनगर, चैतन्यपुरी या पट्ट्यातल्या मराठी घरांमधली आहेत. कुणी शिक्षक, कुणी निवृत्त अभियंता, कुणी गृहिणी, कुणी नुकतीच दहावी झालेली मुलगी. हा विषय मराठीत सुटा असा फारसा कुणी हाती घेतलेला नाही, म्हणून नवख्या वाचकासाठी त्याचा नकाशा आधी मांडणे मला आवश्यक वाटते.

हैदराबादच्या मराठी कुटुंबांची सुट्टी एके काळी ठरलेली असे. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे जिल्हे आणि हैदराबाद शहर एकाच कारभाराखाली होते. १९५६ साली औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. नोकरी, वकिली, शिक्षण आणि व्यापार यांसाठी शहरात आलेली अनेक घरे मात्र इथेच राहिली. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत त्यांनी आपले जग जपले. विवेकवर्धिनीच्या शाळा-महाविद्यालये, मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद आणि तिचे ‘पंचधारा’ ही त्या जगाची ठिकाणे. सुट्टी लागली की काचीगुड्याहून मनमाडच्या दिशेने जाणारी गाडी धरायची आणि नांदेड, परभणी, सेलू, जालना इथल्या आजोळी उतरायचे. दोन महिने मामेभावंडांसोबत काढायचे आणि लोणच्याची बरणी घेऊन परतायचे.

ते आजोळ आता बहुतेकांना उरलेले नाही. मामा पुण्याला गेला, वाडा विकला गेला, आजी मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला आली. मुलांच्या शाळेचा दबाव तर दिलसुखनगरमध्ये जास्तच जाणवतो, कारण हा सगळा परिसर कोचिंग क्लासांचा आहे. मूल इंटरमीजिएटला गेले की मे महिना प्रवेशपरीक्षांचा होतो आणि सुट्टी त्याच्या वाट्याला येतच नाही. एकत्र प्रवासाची खरी वर्षे म्हणजे मूल चालायला लागल्यापासून नववीपर्यंतची. एवढ्या मोजक्या उन्हाळ्यांत चुलत-मामे भावंडे एका छपराखाली कधी येणार? या संग्रहातल्या अनेक लेखांमध्ये डोंगरातल्या भाड्याच्या घराने आजोळाची जागा भरून काढलेली दिसते. पुण्याहून मामा येतो, बंगळुरूहून आत्या येते, आणि सगळे मनालीत एका स्वयंपाकघराभोवती जमतात.

हे लोक बर्फाच्या गावाला बिनमोसमी जातात, असे कुणी म्हणेल. इतिहास उलटे सांगतो. आज स्कीसाठी गाजलेली बहुतेक जुनी गावे आधी उन्हाळ्याचीच होती. थॉमस कुकने आपली पहिली स्वित्झर्लंड सहल १८६३ साली नेली ती उन्हाळ्यात. सेंट मॉरिट्झचे हॉटेलमालक योहानेस बाड्रुट यांनी १८६४ मध्ये आपल्या इंग्रज उन्हाळी पाहुण्यांना पैजेने सांगितले, की हिवाळ्यातही इथे लख्ख ऊन असते, येऊन पाहा, पटले नाही तर प्रवासखर्च मी देईन. पाहुणे आले आणि रमले, अशी कथा तिथे सांगतात. आल्प्समधल्या हिवाळी पर्यटनाचा आरंभ तिथून मोजण्याची प्रथा आहे. युंगफ्राउयोखची ३,४५४ मीटर उंचीवर पोहोचणारी रेल्वे १९१२ साली पूर्ण झाली, तीही उन्हाळी प्रवाशांना हिमनदी दाखवण्यासाठी.

हिमालयातही क्रम हाच आहे. सिमला १८६४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी झाले आणि कालका-सिमला रेल्वे १९०३ मध्ये धावू लागली. गुलमर्ग गोऱ्या अधिकाऱ्यांचे उन्हाळी मुक्कामाचे आणि गोल्फचे गाव होते. स्की क्लब ऑफ इंडिया तिथे स्थापन झाला तो १९२७ साली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, लष्कराने तिथे स्कीचे प्रशिक्षण देणारी शाळा उघडली. पुढे तीच उंच पर्वतीय युद्धाचे शिक्षण देणारी मोठी संस्था झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस नागरिकांना स्की शिकवणारी सरकारी संस्था आली. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवट शिखराकडे नेणारा दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हा स्की न येणारी माणसेही चार हजार मीटरच्या जवळ पोहोचू लागली. मनालीत गिर्यारोहण संस्था १९६१ पासून आहे आणि सोलंगच्या उतारावर ती स्की शिकवत आली. औलीचे उतार भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांनी घडवले. जोशीमठहून वर जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे नव्वदच्या दशकात आला आणि २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे भरल्या.

आपल्या दख्खनच्या पठारालाही या परंपरेत स्थान आहे, आणि त्यातला एक धागा थेट हैदराबादशी जुळतो. मेळघाटातले चिखलदरा १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्याने इंग्रजांच्या नजरेस आणले, आणि तो होता हैदराबाद रेजिमेंटचा. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १८२८-२९ मध्ये गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या छत्रपतींशी करार करून महाबळेश्वर वसवले. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये माथेरानवर चढला आणि १९०७ मध्ये तिथे छोटी गाडी पोहोचली. बर्फ यांपैकी कुठेच पडत नाही. तरी हवापालटासाठी घरदार घेऊन उंचावर जाऊन राहण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला याच गावांनी लावली. हिमालयातली सुट्टी त्याच सवयीची पुढची पायरी आहे.

या सुट्टीचे आज पाच ठळक प्रवाह दिसतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला यात्रेचा. बद्रीनाथाची दारे उघडली की मराठी यात्रेकरू जोशीमठमार्गे वर जातात. नृसिंहाचे दर्शन होते, आणि माथ्यावर औलीचे कुरण असल्याचे कुणी सांगितले की नातवंडांच्या हट्टाने एक दिवस तिकडे जातो. आजीला पुण्य आणि नातवाला बर्फ अशी ही जोड आहे. कुटुंबाला हिमालयाची पहिली ओळख बहुधा अशीच होते.

दुसरा प्रवाह सरकारी प्रवाससवलतीचा. केंद्र सरकारने १९५६ मध्ये एलटीसी सुरू केली आणि पुढे चार वर्षांच्या गटात एकदा देशात कुठेही जाण्याची सोय नोकरदारांना मिळाली. हैदराबादसारख्या केंद्रीय आस्थापनांच्या शहरात याचा मोठा परिणाम झाला. दिलसुखनगरपासून जवळच्या कंचनबागेत संरक्षण प्रयोगशाळा आहेत. रेल्वे, टपाल, बँका, ईसीआयएल यांतले कर्मचारी या वस्तीत राहतात. १९७६ मध्ये सुरू झालेल्या आंध्र प्रदेश एक्स्प्रेसने, म्हणजे आजच्या तेलंगणा एक्स्प्रेसने, दिल्ली गाठायची आणि पुढे बसने मनाली, हा मार्ग एका संपूर्ण पिढीला पाठ होता. डब्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. २०१० पासून जम्मू-काश्मीरसाठी विमानप्रवासाची खास सवलत मिळाली आणि गुलमर्ग आवाक्यात आले.

तिसरा प्रवाह मराठी सहल कंपन्यांचा. केसरी १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये. सोबत मराठी बोलणारा सहलप्रमुख, वेळेवर चहा, ओळखीचे जेवण: यामुळे जी आजी एकटी कधी पुण्यापलीकडे गेली नसती ती टिटलिसच्या फिरत्या केबल कारमध्ये उभी राहिली. ही गोंडोला १९९२ मध्ये सुरू झाली, आणि १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ने ग्श्टाडच्या परिसराची वाट भारतीयांना दाखवली. स्वित्झर्लंडमधल्या या स्कीच्या गावांत मे-जूनमध्ये मराठी कानावर पडणे आता नवलाचे राहिलेले नाही.

चौथा प्रवाह स्वतः आखून जाणाऱ्यांचा. यूथ होस्टेल्स असोसिएशनची कौटुंबिक शिबिरे, तंबूत मुक्काम, सकाळी चालणे, संध्याकाळी शेकोटी. इथे खर्च कमी आणि अंगमेहनत जास्त. मुलांना डोंगर पायांनी कळतो. माझा स्वतःचा कल या प्रवाहाकडे आहे, हे मोकळेपणाने सांगतो.

पाचवा प्रवाह परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचा. दिलसुखनगरच्या किती घरांतली मुले अमेरिकेत आहेत ते इथल्या कुठल्याही इमारतीच्या जिन्यात उभे राहून कळते. आई-वडील उन्हाळा टाळून मे-जूनमध्ये तिकडे जातात आणि शनिवार-रविवारी मुलगा किंवा सून त्यांना डोंगरावर नेते. १९६० चे हिवाळी ऑलिम्पिक जिथे झाले ते पॅलिसेड्स टाहो, किंवा कॅनडातले व्हिसलर, जिथल्या दोन शिखरांना जोडणारी गोंडोला २००८ मध्ये उघडली. हिवाळ्यात स्की वाहणारे पाळणे तिथे उन्हाळ्यात सायकली आणि आजी-आजोबा वाहतात. नातवंडांची भाषा इंग्रजी, आजीची मराठी. पाळण्यात बसून दोघांना एकाच दरीकडे बघता येते. संग्रहातले या प्रवाहाचे लेख मला सर्वांत हृद्य वाटले.

मराठी प्रवासवर्णनाला मोठी परंपरा आहे. काका कालेलकरांचा हिमालय, अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, पुलंची ‘अपूर्वाई’ यांनी आपल्याला जग पाहायला शिकवले. पण त्या परंपरेतला प्रवासी बहुधा एकटा आहे, नाहीतर जोडप्याने फिरतो. तीन पिढ्यांचे कुटुंब, त्यातली गुडघेदुखी, उलटी होणारे मूल, वाद, समेट आणि मुक्कामाचा हिशेब यांना तिथे क्वचितच मुख्य जागा मिळाली. हे पुस्तक ती जागा देऊ पाहते.

या डोंगरांचे साधे विज्ञान प्रत्येक पालकाला ठाऊक असावे. हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. हैदराबाद पाचशे मीटरच्या आसपास आहे, सोलंग अडीच हजारांच्या. म्हणजे केवळ उंचीनेच तेरा अंशांचा फरक पडतो. याच कारणाने मे महिन्यात सोलंगच्या उतारावर हिरवे गवत असते आणि ३,९७८ मीटरवरच्या रोहतांगला बर्फ. मनालीहून वर जाताना रस्त्याकडेच्या दुकानांत भाड्याचे कोट आणि गमबूट मिळतात, ते या उंचीच्या फरकावरच चालतात. पण उंचीबरोबर हवाही विरळ होते. चार हजार मीटरवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के मिळतो. विमानाने श्रीनगरला उतरून दुसऱ्याच दिवशी आजोबांना अफरवटच्या टोकाला नेणे हे प्रेम नव्हे, अविचार आहे. आधी खाली दोन रात्री राहावे, पाणी भरपूर प्यावे, डोके दुखून मळमळू लागले तर वर न जाता खाली उतरावे. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना इजा करते, म्हणून मुलांना काळा चष्मा हवाच.

धोक्यांविषयी हैदराबादने फार किंमत मोजून धडा घेतला आहे. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात, मनालीच्याच वाटेवर, वरच्या धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात बियास नदीत उतरलेले आपल्या शहरातले २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. त्या नदीकाठी फोटोसाठी थांबणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे आठवावे. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले, आणि त्याच वर्षी जुलैत बियासच्या पुराने मनालीचा रस्ता जागोजागी तोडला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणावर दहशतवादी हल्ल्यात २६ माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते, आणि हैदराबादेत नोकरीला असलेले, कुटुंबासह सुट्टीवर गेलेले एक अधिकारीही होते. या दुःखाला वळसा घालून काश्मीरच्या सुट्टीवर लिहिणे मला योग्य वाटले नसते. ज्यांनी त्यानंतर बेत रद्द केला त्यांचे भय खरे आहे, आणि ज्या घोडेवाल्यांचा त्या वर्षीचा उन्हाळा कोरडा गेला त्यांची भूकही खरी आहे. दोन्ही बाजू या संग्रहात आहेत.

आता हे पुस्तक आजच का? कारण स्कीच्या गावांचे दिवस बदलत आहेत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर बर्फच नव्हता. स्की घेऊन आलेली माणसे तपकिरी गवताकडे पाहत उभी होती. आल्प्समधली कमी उंचीवरची गावे बर्फाच्या खात्रीअभावी उन्हाळी पाहुण्यांकडे वळत आहेत. हिवाळा आखडत गेला तर या गावांचे पोट उन्हाळ्यावर, म्हणजे आपल्यासारख्या कुटुंबांवर अधिकाधिक अवलंबून राहील. आणि आपल्या गर्दीचा भारही त्यांनाच सोसावा लागेल. रोहतांगवर जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर दिवसाला बाराशेवर मर्यादित कराव्या लागल्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि तीच गर्दी सिस्सू-कोकसरपर्यंत पोहोचली. दोन तास बर्फात लोळून, प्लास्टिक टाकून परतणारे पाहुणे कुठल्याही गावाला परवडणारे नाहीत.

ही गावे म्हणजे राहत्या माणसांची गावे आहेत. सोलंगखालच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक जिंकून भारताला स्कीतले पहिले आंतरराष्ट्रीय पदक मिळवून दिले. मनालीजवळच्या वशिष्ठचा शिव केशवन १९९८ ते २०१८ अशा सहा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावरच्या ल्यूज शर्यतीत उतरला. गुलमर्गच्या उतारांवर वाढलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. आपल्याला स्लेजवर बसवून ओढणारा तरुण हिवाळ्यात स्कीचा प्रशिक्षक असू शकतो, हे मुलांना सांगायला हवे. गुलमर्गच्या वरच्या कुरणांत उन्हाळ्यात गुज्जर-बकरवाल आपली जनावरे घेऊन चढतात, रोहतांगपलीकडच्या लाहौलकडे गद्दी मेंढपाळ निघतात. चातुर्मासाआधी मेंढरे घेऊन कोकणातून देशावर परतणारा धनगर ज्यांनी पाहिला आहे, त्या मराठी माणसाला या चालीची ओळख पटायला वेळ लागू नये. या माणसांशी चार शब्द बोलल्याशिवाय परतलेली सुट्टी मला अपुरी वाटते.

हे मार्गदर्शक पुस्तक नाही. हॉटेलांचे दर आणि गाड्यांच्या वेळा यात नाहीत. ते दरवर्षी बदलतात आणि फोनवर मिळतात. लेखकांना संपादकांनी तीनच गोष्टी मागितल्या होत्या. एक, कुटुंबातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाच्या सोयीने प्रवास कसा आखला. दोन, त्या गावातल्या कुणाशी ओळख झाली आणि त्याच्याकडून काय कळले. तीन, पैसा कुठे गेला, आणि त्यातला किती गावातल्या माणसांच्या हाती पडला. उत्तरे एकसारखी नाहीत. कुणी एका मुक्कामात आठ दिवस राहून समाधानी आहे, कुणाला सात दिवसांत पाच गावे पाहूनही हुरहूर आहे. काही लेखांशी मी स्वतः सहमत नाही, तरी ते असायला हवेत असा आग्रह मीच धरला, कारण एका वस्तीच्या सुट्टीचे खरे चित्र मतभेदांसकटच उमटते. स्कीचे तंत्र, हिवाळी मोहिमा आणि खडतर पदभ्रमण यांना इथे जागा नाही. त्यांवर लिहायला जाणकार आहेत.

ज्या घरांत अजून असा प्रवास घडलेला नाही, त्यांना खर्चाची धास्ती वाटते हे मला माहीत आहे. त्यांनी चौथ्या प्रवाहाचे लेख आधी वाचावेत. शयनयान डब्याचे तिकीट, शिबिरातला तंबू आणि एकाच गावी आठवडा एवढ्यात ही सुट्टी होते, हे त्या लेखकांनी हिशेबासह दाखवले आहे. ज्यांचे अनेक प्रवास झाले आहेत त्यांनी पुढच्या वेळी एक गाव कमी करावे आणि एका गावात दोन दिवस जास्त राहावे. मूल सातवी-आठवीत असेल तर बेत लांबणीवर टाकू नये. दिलसुखनगरमध्ये नववीनंतरचे उन्हाळे आपल्या हातात नसतात. आजी-आजोबांना सोबत घ्यावे, वेग त्यांचा ठेवावा. मोसम आपला आहे, तेव्हा ती गावे सांभाळण्यातला वाटाही आपण उचलला पाहिजे. एवढे पटून या पुस्तकाचा वाचक पुढच्या उन्हाळ्यात डोंगराकडे निघाला, तर ज्यांनी आपल्या घरातले अनुभव मोकळेपणाने इथे मांडले त्या सगळ्यांचे श्रम सार्थकी लागले असे मी मानेन.

दिलसुखनगर, हैदराबाद